रोज चालवायच्या स्पोर्ट्स कारसाठी सस्पेन्शन आणि एक्झॉस्ट: मुंबईत काय घ्यावं, कोणत्या क्रमानं घ्यावं

मुंबईत स्पोर्ट्स कार रोज चालवायची असेल आणि तिच्यावर पैसे घालायचे असतील, तर माझा क्रम ठरलेला आहे. आधी टायर, मग शॉकअप आणि झिजलेले बुश (सांध्यांतले रबरी तुकडे), मग नीट अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं). गाडीची उंची आणि सायलेन्सरचा आवाज सगळ्यात शेवटी, तेही बेतानं. नवीन माणूस बहुतेक वेळा उलट्या टोकानं सुरुवात करतो, कारण खाली बसलेली गाडी आणि घुमणारा आवाज शेजारच्या लेनमधल्यालाही लगेच कळतो. चांगला शॉकअप फक्त चालवणाऱ्याला कळतो, आणि रोज गाडी चालवणार आहात तुम्ही.

पोलो जीटी, आय२० एन लाइन, व्हर्टस जीटी, मिनी कूपर एस, ऑक्टाव्हिया आरएस, पुढे एम३४०आय, मस्टँग, ७१८ केमन. यातली कुठलीही गाडी असो, खाली दिलेल्या पायऱ्या त्याच राहतात. फक्त खर्चाचे आकडे बदलतात.

पहिली पायरी: रोजचा रस्ता कागदावर उतरवा

दुकानात जाण्याआधी हे काम करा, यात एक रुपयाही लागत नाही. घराच्या पार्किंगपासून ऑफिसच्या पार्किंगपर्यंत गाडी कुठे कुठे घासते, कुठे आपटते, कुठे वेग मिळतो, ते लिहा. ठाण्याहून बीकेसीला जाणाऱ्याचा रस्ता वेगळा: ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर बरा वेग, उड्डाणपुलांच्या सांध्यांवर ठक-ठक, मग सिग्नलची रांग. कोस्टल रोड आणि सी लिंकवरून दक्षिण मुंबईत उतरणाऱ्याला त्याहून कडक सस्पेन्शन चालून जाईल. आणि ज्याच्या वाट्याला पेव्हर ब्लॉकचे चौक, खोदून बुजवलेले चर आणि अर्धवट काँक्रीट झालेल्या गल्ल्या आहेत, त्यानं उंची कमी करायचा विचारच सोडलेला बरा.

गतिरोधकांचं गणित एकदा समजून घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला साधा गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो, ताशी २५ किलोमीटर वेगानं ओलांडता यावा असा. तुमच्या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर) २.६ मीटर असेल, तर गतिरोधकाचा माथा गाडीच्या बरोबर मध्ये येतो तेव्हा चारही चाकं अजून त्याच्या उतारावरच असतात. त्यामुळे गाडीच्या पोटाला जेमतेम ५ सेंटीमीटर जागा लागते. म्हणजे मानकाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावर खाली बसवलेली गाडीसुद्धा घासायला नको. अडचण होते सोसायटीच्या गेटवर आणि गल्लीच्या तोंडाशी स्थानिकांनी घातलेल्या अरुंद, उभट उंचवट्यांची. तिथे पुढची आणि मागची चाकं सपाट रस्त्यावर असतात आणि मधल्या उंचवट्याची सगळी उंची गाडीच्या पोटाला गिळावी लागते. तुमच्या रस्त्यावरचा असा सर्वात वाईट उंचवटा शोधा आणि त्याची उंची टेपनं मोजा. गाडीत चार माणसं बसवून, पोटाखालचा सर्वात खालचा भाग जमिनीपासून किती वर आहे तेही मोजा. या दोन आकड्यांतली शिल्लक हीच तुमची खरी मोकळीक. बहुतेक गाड्यांत तो सर्वात खालचा भाग म्हणजे एक्झॉस्टचा पाइप, त्याचा फ्लँज (पाइप जोडायची चकती) किंवा मधला डबा असतो. म्हणून सस्पेन्शन आणि एक्झॉस्ट यांचा निर्णय वेगवेगळा करता येत नाही.

पार्किंगही मोजा. नव्या टॉवरमधल्या पझल पार्किंगच्या लोखंडी ट्रेला मध्ये उंचवटा आणि कडेला पट्ट्या असतात. पोडियमच्या रॅम्पला खाली आणि वर एकदम कोन बदलतो, तिथे पुढचा बंपर आधी टेकतो. अशा रॅम्पवर गाडी थोडी तिरकी घालून किती वाचते ते आहे त्याच उंचीवर बघून ठेवा. आत्ताच बोटभर जागा उरत असेल तर उत्तर मिळालंच.

दुसरी पायरी: आहे ते किती झिजलंय ते बघा

"गाडी वळणावर झुलते, सस्पेन्शन मऊ आहे" ही तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचं सस्पेन्शन मऊ नसतं, ते गेलेलं असतं. मुंबईचे दोन-तीन पावसाळे पाहिलेल्या गाडीचे लोअर आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट आणि शॉकअपचे वरचे माउंट आधी लिफ्टवर तपासून घ्या. शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओला पट्टा असेल, टायरवर हात फिरवल्यावर उंच-सखल लागत असेल, ब्रेक मारल्यावर पुढून "टक" असा एकच आवाज येत असेल, तर नवीन किट घेण्याआधी तो भाग बदला. फाटक्या बुशवर महागडी कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा एकत्र सेट) बसवली तर पैसे जातील आणि आवाज तसाच राहील.

एक छोटी युक्ती मला फार उपयोगी वाटते. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावरचं रबरी कव्हर वर सरकवा, दांड्याभोवती एक बारीक प्लास्टिकची केबल टाय हलकेच आवळा आणि ती खाली शॉकअपच्या अंगाला टेकवा. कव्हर परत लावा आणि आठवडाभर नेहमीच्या रस्त्यानं गाडी चालवा. गाडी जेवढी दबेल तेवढी ती टाय दांड्यावर वर सरकते आणि तिथेच राहते. नंतर कव्हर उघडलं की रोजच्या वापरात शॉकअपनं किती प्रवास वापरला ते मिलिमीटरमध्ये समोर दिसतं. टाय जर जवळजवळ बंप स्टॉपपर्यंत (शॉकअप पूर्ण दबण्याआधी अडवणाऱ्या रबरापर्यंत) पोचली असेल, तर मूळ उंचीवरच तुमची गाडी तळ गाठते आहे. अशा गाडीला ३० मिलिमीटर खाली बसवणं म्हणजे रोज तिला बंप स्टॉपवर चालवणं. मग ती कडक लागते, खड्ड्यावर उडते आणि वळणात खड्डा आला तर चाकाची पकड अचानक सुटते.

टायर, थोडक्यात

हे लहान आहे पण टाळू नका. २२५/४० आर१८ टायरची बाजूची भिंत ९० मिलिमीटर असते. २२५/४५ आर१७ ची सुमारे १०१. दोन्हींचा एकूण व्यास जवळपास सारखाच, फरक ३ मिलिमीटरचा. त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही आणि खड्ड्यात रिम वाकण्याआधी ११ मिलिमीटर जास्त रबर मिळतं. तुमच्या मॉडेलला कंपनीनं लहान रिमचा पर्याय दिला असेल आणि ब्रेक कॅलिपरला जागा मिळत असेल, तर मुंबईसाठी हा सगळ्यात शहाणा बदल आहे. चांगल्या टायरनं ओल्या रस्त्यावर जो फरक पडतो, तो कुठल्याही स्प्रिंगनं पडत नाही.

तिसरी पायरी: सस्पेन्शनचा प्रकार निवडा

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि शॉकअप स्प्रिंगची उसळी आवरतो. दोघांची जोडी जुळली पाहिजे, सगळं इथेच येतं. नुसती कडक स्प्रिंग घालून जुना शॉकअप ठेवला की शॉकअपला ती उसळी आवरत नाही. उड्डाणपुलाचा सांधा ओलांडल्यावर गाडी एकदा वर-खाली होऊन थांबायच्या ऐवजी दोन-तीनदा डुलते.

पहिला पर्याय, आणि माझ्या मते रोजच्या गाडीसाठी बहुतेकांचा शेवटचाही: उंची तीच, फक्त चांगले शॉकअप. बिलस्टाइन कंपनीचं बी६ हे नेमकं यासाठीच आहे, मूळ स्प्रिंग आणि मूळ उंचीसाठी. बी८ दिसायला तसंच, पण त्याचा दांडा आखूड असतो आणि ते खाली बसवणाऱ्या स्प्रिंगबरोबर वापरायचं असतं. दुकानदार कधी कधी "दोन्ही एकच" म्हणून सांगतात, ते एकच नव्हे. मोनोट्यूब (एकाच नळीचा) शॉकअप घाटातल्या सततच्या कामात कमी तापतो, म्हणून खंडाळ्याच्या घाटात त्याची पकड शेवटपर्यंत टिकते. मात्र छोट्या खड्ड्यांवर तो साध्या ट्विनट्यूबपेक्षा (दोन नळ्यांच्या शॉकअपपेक्षा) थोडा टणक लागू शकतो.

दुसरा पर्याय लोअरिंग स्प्रिंगचा: आयबाख, एच अँड आर यांसारख्या कंपन्यांचे सेट, साधारण २५ ते ३५ मिलिमीटर खाली आणणारे. स्वस्त पडतात म्हणून सगळ्यांची नजर आधी इथे जाते. पण हिशेब करा. समजा तुमच्या गाडीला मूळ उंचीवर दबायला ७० मिलिमीटर जागा आहे. ३० गेले की उरले ४०. तेवढ्या जागेत तोच खड्डा पचवायचा तर स्प्रिंग बरीच कडक हवी. स्प्रिंग ३० टक्क्यांनी कडक केली तरी गाडीची डुलण्याची वारंवारिता फक्त १४ टक्क्यांनी वाढते, कारण ती वर्गमुळाच्या हिशेबानं वाढते. कागदावर हा फरक सौम्य दिसतो, पण कमी झालेली ३० मिलिमीटर जागा तो भरून काढत नाही. शिवाय पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअपच चाकाला वरून धरून ठेवतो अशी रचना) असलेल्या गाड्यांत उंची घटली की लोअर आर्मचा कोन उलटा होतो, गाडीचं रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) स्प्रिंगच्या घटीपेक्षा जास्त खाली जातं आणि स्टिअरिंग खड्ड्यावर बाजूला ओढू लागतं. हवंच असेल तर १५-२० मिलिमीटरवर थांबा आणि त्यासोबत आखूड दांड्याचा शॉकअप घ्या.

तिसरा पर्याय कॉइलओव्हर. इथे किंमतीतला फरक प्रचंड आहे आणि नावं वाचून गोंधळ होतो, म्हणून दोन-तीन गोष्टी नीट सांगतो. केडब्ल्यू कंपनीच्या व्हेरिएंट १ मध्ये फक्त उंची बदलता येते. व्हेरिएंट २ मध्ये रिबाउंडही (शॉकअप परत उघडतानाचा अडसर), आणि ३ मध्ये रिबाउंड आणि कम्प्रेशन (दबतानाचा अडसर) दोन्ही. बिलस्टाइनच्या बी१४ मध्ये उंची, बी१६ मध्ये उंची आणि डॅम्पिंग (म्हणजे हा अडसर). रोजच्या गाडीला जास्त बटणं म्हणजे जास्त सुख असं नसतं. कारखान्यात तुमच्या मॉडेलसाठी जुळवून दिलेला साधा सेट हा ३२ क्लिकवाल्या (डॅम्पिंगच्या ३२ पायऱ्या असलेल्या) स्वस्त सेटपेक्षा मुंबईत जास्त चांगला चालतो.

उंची कशी बदलते तेही विचारा. काही सेटमध्ये स्प्रिंगचा खालचा कप खाली सरकवून उंची घटवतात, त्यात शॉकअपची दबायची जागा तेवढीच कमी होते. काहींमध्ये सगळा शॉकअपच खालच्या ब्रॅकेटमध्ये आत-बाहेर फिरतो, त्यामुळे उंची बदलली तरी शॉकअपचा प्रवास शाबूत राहतो. फक्त टायर आतल्या गार्डला लागत नाही ना एवढं बघावं लागतं. शक्य असेल तर दुसरा प्रकार घ्या.

आता मुंबईची खास गोष्ट: खारी हवा. वरळी, वर्सोवा, कफ परेड, कुठेही समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या कॉइलओव्हरचे आटे चिखल आणि मिठानं जाम होतात. मग उंची बदलण्याची ती सगळी सोय कायमची गोठते. केडब्ल्यूची इनॉक्स-लाइन स्टेनलेस स्टीलची आहे, ती इथे उगीच महाग नाही. दुसरा कुठलाही सेट घेतलात तर पावसाळ्याआधी आटे ब्रशनं साफ करून अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं ग्रीस) लावा, आणि पावसाळा संपल्यावर पाण्यानं धुऊन पुन्हा लावा.

गाडीला इलेक्ट्रॉनिक शॉकअप असतील, म्हणजे डॅशबोर्डवर कम्फर्ट आणि स्पोर्ट असे मोड शॉकअपसाठी असतील, तर साधी कॉइलओव्हर बसवल्यावर एरर येतो आणि तो दाबण्यासाठी वेगळं मॉड्यूल लागतं. माझं मत स्पष्ट आहे: मुंबईत असे शॉकअप असलेली गाडी असेल तर ते काढू नका. कम्फर्ट मोड ही तुमच्याकडची सर्वात महाग सोय आहे.

अँटी-रोल बारविषयी (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याविषयी) कमी बोललं जातं. सरळ रस्त्यावर दोन्ही चाकं एकदम वर-खाली होताना तो काहीच करत नाही, पण वळणावर झुकणं आवरतो. त्यामुळे उंची न घटवता, फारसा कडकपणा न आणता गाडी तरतरीत करायची तर जाडसर मागचा बार हा उत्तम मार्ग आहे, विशेषतः पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत. मात्र एकाच बाजूच्या चाकाखाली खड्डा आला तर तो धक्का दुसऱ्या बाजूला पोचवतो, म्हणून एक-दोन मिलिमीटर जाडीवाढ पुरे. पॉलियुरेथेन बुशचं म्हणाल तर बारच्या बुशसाठी ठीक. सगळ्या लोअर आर्मला घातले तर रस्त्याचा प्रत्येक खरखराट स्टिअरिंगमध्ये येईल. रोजच्या गाडीत कंपनीचे नवे रबरी बुशच घाला.

चौथी पायरी: बसवून घेताना समोर उभे राहा

कुर्ल्याच्या सीएसटी रोडला सुटे भाग मिळतात, मिस्त्रीही मिळतात, आणि काहींचा हात खरोखर चांगला आहे. पण काम करणाऱ्याला हे प्रश्न विचारा: टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना) आहे का, स्प्रिंग कम्प्रेसर कुठला वापरता, एकदाच वापरायचे बोल्ट नवीन घालणार का, वरचे माउंट आणि बंप स्टॉप नवीन की जुनेच? कोटेशनमध्ये माउंट, बंप स्टॉप, बोल्ट, मजुरी आणि अलाइनमेंट वेगवेगळं लिहून घ्या. किटची किंमत ऐकून बजेट ठरवणारे इथेच अडकतात.

आणि सर्वात महत्त्वाचं, जे घाईत नेहमी राहून जातं. लोअर आर्मच्या रबरी बुशचा बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असताना पूर्ण आवळायचा नसतो. लटकलेल्या अवस्थेत आवळला की गाडी खाली उतरल्यावर बुशमधलं रबर कायम पिळलेलं राहतं. मग गाडी ठरलेल्या उंचीवर बसत नाही, कडक लागते आणि तो बुश काही महिन्यांत फाटतो. बोल्ट आधी हातानं लावायचे, मग गाडीचं वजन चाकांवर आणायचं किंवा जॅकनं आर्म नेहमीच्या उंचीला उचलायचा, आणि तेव्हाच टॉर्क द्यायचा. मिस्त्री चिडला तरी चालेल, हे तुमच्या डोळ्यांसमोर होऊ द्या.

काम सुरू होण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहा. नंतर पुन्हा मोजा. डावी-उजवीत ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर का ते विचारा. अलाइनमेंट लगेच एकदा, आणि काही शे किलोमीटरनंतर स्प्रिंग बसल्यावर पुन्हा एकदा. टो (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर किती वळली आहेत ते) आधी बरोबर हवा, कारण टायर खातो तो मुख्यतः टो. रोजच्या गाडीत पुढे एक-दीड अंशाच्या आतबाहेर निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकणं) पुष्कळ झाला. ज्या गाडीला समोर कॅमेऱ्याची ड्रायव्हर-मदत यंत्रणा आहे, तिची उंची बदलली तर कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. हेडलाइटची पातळीही बघा, समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा झोत हा त्याच्यासाठी धोका आहे.

डॅम्पिंगचे क्लिक असतील तर आधी पूर्ण बंद करा, मग मोजत उघडा आणि मधोमध सुरुवात करा. एका वेळी एकच टोक, पुढचं किंवा मागचं, दोन क्लिकनं बदला आणि तोच रस्ता, त्याच वेगानं चालवा. रिबाउंड फार कडक असेल तर एकामागून एक खड्डे आले की चाक परत खाली यायच्या आत दुसरा खड्डा येतो आणि गाडी हळूहळू खाली रुतत जाते. लोक तेव्हा "अजून कडक करा" म्हणतात, खरं तर ते सैल करायला हवं.

पाचवी पायरी: एक्झॉस्ट

आधी कायदा, कारण इथे चूक महागात पडते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि प्रदूषणाचे निकष मोडले तर कलम १९० खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स अपात्र. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. हॉस्पिटल, शाळा आणि कोर्टाभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ती अजून खाली. दुचाक्यांचे जप्त सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याची दृश्यं राज्यातल्या शहरांतून तुम्ही पाहिलीच असतील. म्हणून माझा सल्ला: तुमच्या मॉडेलसाठी गाडीच्या कंपनीनंच अधिकृत स्पोर्ट एक्झॉस्ट दिला असेल तर तो पहिला पर्याय. नसेल तर खरेदीआधी आरटीओत विचारा, आणि आवाज मूळच्या जवळपास ठेवणाराच एक्झॉस्ट बघा.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, थोडक्यात कॅट) हात लावायचा नाही. तो काढला की त्याच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर लगेच ओळखतो, पी०४२० हा कोड येतो, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (हायड्रोकार्बन) वाढलेले दिसतात. ट्यून करून दिवा विझवता येतो, धूर विझत नाही, आणि तो धूर सिग्नलला तुमच्या मागे उभ्या रिक्षातली माणसं घेतात.

"हॉर्सपॉवर किती वाढेल?" टर्बो नसलेल्या गाडीत कॅटच्या मागचा सगळा पाइप बदलला, ज्याला कॅट-बॅक म्हणतात, तरी वाढते ती मोजकी, गाडी चालवताना जाणवेलच असं नाही. टर्बो गाडीत खरी अडवणूक टर्बोला लागून असलेल्या डाउनपाइपमध्ये असते, आणि तिथेच बहुतेक वेळा कॅट असतो. म्हणजे रोजच्या, नियमात बसणाऱ्या गाडीत एक्झॉस्ट हा मुख्यतः आवाजाचा आणि थोडा वजनाचा बदल आहे. हे मान्य असेल तरच पैसे घाला.

मग आवाज कसा निवडायचा? उभ्या गाडीत रेस देऊन नव्हे. मुंबईत इंजिन बहुतेक वेळ १,००० ते २,५०० आरपीएममध्ये असतं, आणि केबिनमध्ये घुमणारी ती डोकं उठवणारी गुणगुण, ड्रोन, नेमकी याच पट्ट्यात येते. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला दोन स्फोट होतात. २,४०० आरपीएमला सेकंदाला ४० फेरे, म्हणजे ८० हर्ट्झ. हा आवाज गाडीच्या बंद डब्यात सहज घुमतो. त्यामुळे ज्याच्याकडे तोच सेट त्याच मॉडेलवर आहे त्याच्या गाडीत बसा, वरच्या गिअरमध्ये ६० ते ८० च्या वेगाला ईस्टर्न फ्रीवेवर काचा बंद करून किमान पंधरा मिनिटं जा आणि शेजारच्याशी नेहमीच्या आवाजात बोलून बघा. मागच्या सीटवरही बसा, तिथे ड्रोन जास्त असतो. मधला रेझोनेटर (आवाज मऊ करणारा डबा) काढून टाकणारे स्वस्त जोड याच कसोटीवर नापास होतात. व्हॉल्व्ह असलेल्या एक्झॉस्टमध्ये सोसायटीत व्हॉल्व्ह बंद ठेवता येतो हे खरं. पण तपासणीत व्हॉल्व्ह उघडा असेल तर त्याच आवाजाला उत्तर द्यावं लागेल.

धातूचा विचार इथे जास्त करावा लागतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक किलो पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं. पण दादर ते परळ एवढ्याच फेऱ्या असतील तर पाइप पुरेसा तापत नाही, ते पाणी मागच्या डब्यात साचतं आणि डबा आतून सडतो. वरून खारी हवा आहेच. साधं माइल्ड स्टील इथे टिकत नाही. ४०९ स्टेनलेसमध्ये सुमारे ११ टक्के क्रोमियम असतं, वरून गंजाचा थर येतो पण पाइप बरीच वर्षं टिकतो. ३०४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, मुंबईसाठी हेच घ्या. गॅरेजवाला ३०४ म्हणून दाखवत असेल तर खिशातलं छोटं चुंबक लावून बघा: ४०९ ला घट्ट चिकटतं, ३०४ ला जवळजवळ चिकटत नाही. वळणं मँड्रेलवर (पाइपच्या आत घालायच्या साच्यावर) वाकवलेली हवीत, म्हणजे वळणावरही पाइपचा गोल कायम राहतो. चपटी झालेली वळणं दिसली की नको म्हणा. वेल्डिंगची रेघ बारीक आणि एकसारखी हवी, आणि इंजिनजवळ फ्लेक्स जॉइंट (लवचीक जोड) हवाच, नाहीतर प्रत्येक धक्क्याला कुठलातरी जोड तडकतो.

नावाजलेल्या ब्रँडच्या नकला बाजारात भरपूर आहेत. अॅक्रापोविच किंवा रेमस नाव कोरलेलं दिसलं म्हणून ते त्यांचंच असेल असं नाही. बिल, भाग क्रमांक आणि तुमच्या मॉडेलसाठीची यादी जुळवून बघा.

बसवल्यावर लिफ्टवरच दोन्ही कामं एकत्र तपासा. पाइप हलवून बघा: अँटी-रोल बार, मागची बीम, हीट शील्ड यांपासून बोटभर अंतर सगळीकडे हवं, कारण गाडी दबली की हे अंतर कमी होतं आणि तापल्यावर पाइप लांबतो. सर्वात खालचा भाग पुन्हा टेपनं मोजा आणि पहिल्या पायरीतल्या आकड्याशी ताडून बघा. जुने रबरी हँगर ताणलेले असतील तर बदला, काही रुपयांचं रबर आहे.

पावसाबद्दल एवढंच. हिंदमाता किंवा मिलन सबवेला पाणी भरलं तर इंजिनाला खरा धोका हवा ओढणाऱ्या इनटेकमधून असतो आणि खाली बसवलेल्या गाडीत तो इनटेकही तेवढाच खाली आलेला असतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट करू नका, टो करून न्या.

कधी करावं, आणि शेवटची कागदपत्रं

झिजलेले शॉकअप मे महिन्यात बदला, कारण गेलेल्या शॉकअपवर पावसाळा काढणं धोक्याचं असतं. उंची किंवा एक्झॉस्टचं काम मात्र ऑक्टोबरनंतर ठेवा, खड्डे बुजल्यावर. पावसाळा संपला की दरवर्षी लिफ्टवर एकदा: शॉकअपची गळती, बुश, हँगर, अलाइनमेंट.

विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा, न सांगितलेल्या बदलावरून दावा अडतो. वॉरंटीतली गाडी असेल तर सर्व्हिस सेंटरला आधीच विचारा. काम झाल्यावर नवी पीयूसी काढून बघा. आणि मूळ स्प्रिंग, शॉकअप, सायलेन्सर भंगारात देऊ नका. धुऊन, वाळवून, बोल्ट पिशवीत घालून त्यावर डावं-उजवं लिहून माळ्यावर ठेवा. आरटीओनं मूळ स्थितीत आणायला सांगितलं तर किंवा गाडी विकताना तेच लागतात, आणि नवे घ्यायला गेलात तर त्यांची किंमत बघून धक्का बसेल.